पोलिओ नव्हे, वाट चुकलेले तंतू

एखाद्या माणसाचा एक हात जरा आखूड, कोपरात किंचित वाकलेला आणि आतल्या बाजूला वळलेला दिसला की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो: "लहानपणी पोलिओ झाला होता का?" विचारणाऱ्याच्या मनात काही वाईट नसतं. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी हा अंदाज बऱ्याचदा बरोबरही निघाला असता. पण भारतात वन्य पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये हावडा जिल्ह्यात सापडला आणि २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त जाहीर झाला. तरी आज कॉलेजात जाणाऱ्या पोरापोरींनाही हाच प्रश्न ऐकावा लागतो.

यातल्या अनेकांच्या हाताची कथा जन्माच्या दोन-चार मिनिटांत घडून गेलेली असते. बाळाचं डोकं बाहेर आलेलं असतं, पण खांदा आईच्या कमरेच्या हाडांमागे अडकतो. अशा वेळी डोकं एकीकडे आणि खांदा दुसरीकडे ताणला जातो, आणि मानेतून हाताकडे जाणाऱ्या मज्जातंतूंवर तो सगळा ताण येतो. बाळ वजनाने मोठं असेल, आईला मधुमेह असेल, तर धोका वाढतो. पायाळू बाळालाही अशी इजा होऊ शकते. पण खांदा नेमका कोणाचा अडणार हे आधी सांगता येत नाही.

पोलिओ आणि ही इजा, दोन्हींत हात लुळा पडतो. आतला मामला मात्र पार वेगळा. पोलिओचा विषाणू मज्जारज्जूतल्या, स्नायूंना हुकूम देणाऱ्या पेशीच मारतो. मेलेली पेशी परत येत नाही. स्पर्श जाणणाऱ्या पेशी निराळ्या असल्यामुळे पोलिओच्या हातापायाला चिमटा काढला तर तो नीट कळतो. जन्मावेळच्या इजेत हुकूम देणारी पेशी बऱ्याचदा जिवंत राहते, तुटतो तो तिचा मानेपासून दंडापर्यंत गेलेला लांबलचक तंतू. आणि तुटलेला तंतू पुन्हा वाढू शकतो. मोठेपणी जो हात दिसतो तो बराचसा या पुन्हा वाढण्यातून घडलेला असतो.

मानेच्या खालच्या भागातून प्रत्येक हातासाठी पाच मुळं निघतात: सी-५ ते सी-८ आणि टी-१ (सी म्हणजे मानेची, टी म्हणजे छातीची). ती एकमेकांत मिसळतात, फुटतात, परत मिसळतात आणि शेवटी त्यांतून हाताच्या मुख्य नर्व्ह, म्हणजे तंतूंच्या जुड्या, तयार होतात. या जाळ्याला ब्रेकियल प्लेक्सस म्हणतात. वरची दोन मुळं खांदा उचलायला, दंड बाहेर फिरवायला आणि कोपर वाकवायला लागतात. खालची दोन मुख्यतः मनगट आणि बोटांना. जन्मावेळी बहुतेकदा वरची दुखावतात. फ्रान्सच्या ड्यूशेनने १८७२ मध्ये आणि जर्मनीच्या अर्बने १८७४ मध्ये याचं वर्णन केलं, म्हणून अर्ब्ज पाल्सी हे नाव. खालच्या मुळांच्या इजेचं वर्णन १८८५ मध्ये ऑगस्टा क्लुम्पके या तरुणीने पॅरिसमध्ये केलं, तेही मुलींना तिथल्या हॉस्पिटलांत इंटर्न म्हणून घ्यायलाच विरोध होत होता त्या काळात. हजार जन्मांमागे साधारण एक-दोन बाळांना ही इजा होते. त्यातली बहुतेक बरी होतात, पण २० ते ३० टक्के मुलांत काही ना काही दोष राहून जातो. तीच मुलं पुढे मोठी होतात, नोकरी करतात आणि पोलिओच्या प्रश्नाला उत्तरं देतात.

तंतू नुसता ताणला गेला असेल तर काही आठवड्यांत हात पूर्ववत होतो. मूळ मज्जारज्जूतूनच उपटलं गेलं असेल तर ते आपोआप परत जोडलं जात नाही. या दोन टोकांच्या मध्ये, म्हणजे जिथे तंतू तुटलेत पण मूळ जागेवर आहे, तिथे सगळ्यात रंजक आणि सगळ्यात गोंधळाची गोष्ट घडते.

१८५० मध्ये ऑगस्टस वॉलर याने बेडकाच्या जिभेकडे जाणाऱ्या नर्व्ह कापून पाहिल्या. कापलेल्या जागेपुढचा, म्हणजे पेशीपासून सुटा झालेला तंतू काही दिवसांत तुकडे होऊन विरून जातो, असं त्याला दिसलं. पण तंतू विरला तरी त्याच्याभोवतीची नळी उरते. या नळीतल्या श्वान पेशी (श्वान हे शास्त्रज्ञाचं नाव, कुत्र्याचा काही संबंध नाही) तंतूचा कचरा साफ करतात, रांग धरून उभ्या राहतात आणि नव्या तंतूला बोलावणारी रसायनं सोडू लागतात. इकडे जिवंत पेशी तुटल्या टोकातून नवे धुमारे फोडते. धुमारा नळीत शिरला की दिवसाला साधारण एक मिलिमीटर या चालीने पुढे सरकतो. तान्ह्या बाळाच्या मानेपासून दंडातल्या बायसेप्सपर्यंतचं अंतर दहा-बारा सेंटिमीटर धरलं, तर शंभर-सव्वाशे दिवस लागतील. पॅरिसचे सर्जन झिल्बेर यांनी ऑपरेशन कधी करायचं याचा जो निकष मांडला, तोही याच हिशोबाच्या जवळ जातो: तीन महिन्यांत बायसेप्स हलला नाही तर शस्त्रक्रियेचा विचार करा.

इथपर्यंत सगळं छान वाटतं. अडचण नळी निवडण्यात आहे. ताणून तुटलेल्या जागी नुसती फट नसते, जखमेच्या ऊतीचा गोळा तयार झालेला असतो. हजारो धुमारे त्या गोळ्यात शिरतात आणि पलीकडे हजारो रिकाम्या नळ्या असतात. स्वारगेटच्या स्टँडवर सगळ्या एसटींच्या पाट्या कोणीतरी काढून नेल्या आणि प्रवाशांनी मिळेल त्या गाडीत जागा धरली, तर जे होईल तेच इथे होतं. गाडी पोहोचते, माणूस उतरतो, पण साताऱ्याला निघालेला सांगोल्यात उतरतो.

अगदीच आंधळा कारभार असतो असंही नाही. थॉमस ब्रशार्ट या अमेरिकन सर्जनने १९८० च्या दशकात उंदरांच्या मांडीतल्या नर्व्हवर एक सुंदर प्रयोग केला. ही नर्व्ह पुढे दोन फाट्यांत विभागते, एक स्नायूकडे आणि एक त्वचेकडे. नर्व्ह कापून जोडली तेव्हा सुरुवातीला स्नायूचे तंतू दोन्ही फाट्यांत शिरले. एकच पेशी एक फांदी इकडे आणि एक फांदी तिकडेही पाठवत होती. मग हळूहळू त्वचेकडे गेलेल्या चुकीच्या फांद्या छाटल्या गेल्या आणि स्नायूकडच्या टिकल्या. म्हणजे 'मला स्नायूकडे जायचंय, त्वचेकडे नाही' एवढं तंतूला कळतं. कोणत्या स्नायूकडे, हे मात्र त्याला फारसं कळत नाही. दंडाच्या पुढच्या बायसेप्सचा तंतू मागच्या ट्रायसेप्समध्ये पोहोचला तर स्नायू त्याला खुशाल ठेवून घेतो, आणि दोघांच्या लेखी काम फत्ते झालेलं असतं.

त्याचा परिणाम समजायला स्वतःचाच हात पुरेसा आहे. उजव्या दंडाला डाव्या हाताने पुढून-मागून धरा आणि कोपर वाकवा. पुढचा स्नायू टणक होतो, मागचा सैल राहतो. मागचा सैल राहतो म्हणूनच कोपर वाकतं. वाट चुकलेल्या तंतूंच्या हातात वाकवण्याचा हुकूम दोन्हीकडे पोहोचतो. पुढचा स्नायू ओढतो, मागचाही ओढतो, आणि कोपर अर्ध्यावर थरथरत थांबतं. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं हातात जोर नाही. प्रत्यक्षात दोन स्नायू एकमेकांविरुद्ध भरपूर जोर लावत असतात, म्हणून तो हात इतक्या लवकर थकतो.

असे हात बघायला शिकलं की ते पटकन ओळखू येतात. चहाचा कप ओठांशी नेताना आपलं कोपर खाली, अंगालगत असतं. या माणसाचं कोपर आधी बाहेर, खांद्याच्या उंचीला जातं आणि मग कप तोंडाशी येतो, तुतारी फुंकणाऱ्यासारखा. डॉक्टरही याला ट्रम्पेट साइनच म्हणतात. यात वाट चुकलेल्या तंतूंचा भाग आहे आणि दंड बाहेर फिरवता येत नाही याचाही. काहींच्या बाबतीत याहून नवलाची गोष्ट घडते. श्वासपटल हलवणारी नर्व्ह मानेतल्या सी-३ ते सी-५ या मुळांतून निघते. तिचे काही तंतू जखमेतून भरकटून बायसेप्समध्ये किंवा खांद्यात गेले, तर दीर्घ श्वास घेतल्यावर दंडाचा स्नायू आपोआप आवळतो. सुई टोचून स्नायूतली वीज मोजली तर प्रत्येक श्वासाबरोबर तिथे सिग्नल उमटताना दिसतो. ब्रीदिंग आर्म, म्हणजे श्वास घेणारा हात, असं याला नाव आहे.

आता तो ठरलेला सल्ला: "मनावर घे, रोज व्यायाम कर, सगळं सुटेल." मेंदू हा हुशार अवयव आहे आणि अशा जोडणीतूनही तो खूप काही साधतो. पण मज्जारज्जूतल्या एकाच पेशीच्या फांद्या बायसेप्स आणि ट्रायसेप्स दोन्हींत गेल्या असतील, तर तिला दिलेला हुकूम दोन्हीकडे जाणारच. इच्छाशक्ती त्या पेशीपर्यंत पोहोचते, त्यापुढे फाटा कुठे फुटलाय यावर तिचा काही इलाज नाही. व्यायामाने सांधे मोकळे राहतात, स्नायू टिकतात, म्हणून तो करायचाच. त्याने जोडणी बदलेल असं सांगू नये, एवढंच.

मोठेपणी मात्र डॉक्टरकडे नेणारं दुखणं बहुधा नर्व्हचं नसतंच. बाळपणी झालेल्या या इजेत स्पर्श आश्चर्यकारक चांगला परततो. प्रौढांना मोटारसायकलच्या अपघातात मुळं उपटल्यावर जी जाळणारी, वीज चमकल्यासारखी वेदना सतावते, ती इथे क्वचितच आढळते. दुखतात ते सांधे आणि स्नायू. दंड आत फिरवणारे स्नायू चालू आणि बाहेर फिरवणारे बंद, अशा स्थितीत खांदा वाढतो. वर्षानुवर्षं आत ओढलेल्या हाडाचा गोळा मागे सरकतो आणि त्याची खोबण सपाट होत जाते. निरोगी माणूस हात १८० अंश वर नेतो, त्यातले साधारण १२० अंश खांद्याच्या सांध्यात आणि ६० अंश पाठीवरच्या फऱ्याच्या हालचालीतून येतात. इथे सांधा आखडलेला असतो, म्हणून फऱ्याला आपल्या वाट्यापेक्षा खूप जास्त राबावं लागतं. मान आणि फरा यांच्यामधली ती चिवट, संध्याकाळी वाढणारी ठसठस तिथून येते. शिवाय डबा, गॅसची टाकी, मूल, लोकलमधली वरची कडी, सगळं वर्षानुवर्षं एकाच हाताने पेललेलं असतं, त्यामुळे तो 'चांगला' हातही कुरकुरू लागतो. वेणी घालणं, ब्लाउजचे मागचे हूक लावणं, पाठीला साबण लावणं अशा कामांत बायकांनी शोधून काढलेल्या युक्त्या कुठल्याही फिजिओथेरपीच्या पुस्तकात सापडणार नाहीत. उजवा हात गेला असेल तर मूल सहज डावखुरं होतं, आणि मग प्रसाद डाव्या हातात घेतला म्हणून देवळात वरून बोलणीही खातं.

या इजेचा सगळ्यात प्रसिद्ध धनी जर्मनीचा सम्राट कैसर विल्हेल्म दुसरा. १८५९ मध्ये तो पायाळू जन्मला आणि डावा हात कायमचा गेला. मोठेपणी तो उजव्यापेक्षा सुमारे पंधरा सेंटिमीटर आखूड होता. फोटोंत बघा, डावा हात तलवारीच्या मुठीवर टेकवलेला तरी असतो किंवा त्यात हातमोजे धरलेले असतात. ड्यूशेनचं वर्णन यायला तेव्हा तेरा वर्षं होती. त्यामुळे राजवैद्यांनी काय करावं? विजेचे झटके दिले आणि नुकत्याच मारलेल्या सशाच्या शरीरात त्या पोराचा हात घालून ठेवला, सशाची ऊब आणि ताकद हातात उतरेल म्हणून.

हसण्याआधी आपल्याकडे बघावं. ग्रहणात आईने भाजी चिरली म्हणून हात असा झाला, असं सांगणाऱ्या आज्या अजून आहेत. 'हात उतरलाय' म्हणून पहिल्याच आठवड्यात बाळाचा हात ओढून-ताणून मालिश करणारे आहेत. त्यात खांद्याचं किंवा गळपट्टीचं हाड मोडलेलं असेल तर बाळाचे हाल होतात. आणि सशाची जागा आता चकचकीत क्लिनिकांनी घेतली आहे: तिशी-चाळिशीतल्या माणसाला स्टेम सेलच्या इंजेक्शनने नर्व्ह 'परत उगवून' देण्याची जाहिरात. स्नायूला वर्ष-दीड वर्ष नर्व्ह मिळाली नाही तर तंतूने येऊन चिकटायची त्याच्यावरची जागाच नाहीशी होत जाते. तीस वर्षांनी तिथे काय उगवणार? रक्ताच्या ठरावीक आजारांपलीकडे स्टेम सेलचा उपचार म्हणून धंदा करणं अयोग्य आहे, असं आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने) २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांतच म्हटलेलं आहे.

मोठ्या माणसासाठी खरोखर हातात असलेले उपाय साधे आणि मर्यादित आहेत. चालणाऱ्या स्नायूचा कंडरा (स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी) दुसरीकडे जोडून हात बाहेर फिरवता येतो. दंडाचं हाड कापून, फिरवून, परत बसवलं तर तळवा तोंडाशी आणि डोक्याशी नेणं सोपं होतं. दोन स्नायू भांडत असतील तर त्यातल्या एकाला बोटॉक्सने काही महिने ढिलं करता येतं. उंदरांच्या पिल्लांवर एक वेगळं काम झालंय. स्नायू आखडतो तो नुसता ओढला गेल्यामुळे नव्हे, तर नर्व्ह नसल्यामुळे तो लांबीने वाढतच नाही, असं त्यात दिसलं. बोर्टेझोमिब हे रक्ताच्या कर्करोगावरचं औषध देऊन ते आखडणं बऱ्याच अंशी टाळताही आलं. औषध विषारी आहे आणि तान्ह्या बाळांना देण्याजोगं नाही, मोठ्यांचा तर प्रश्नच नाही. पण आखडण्याचं कारण हाती लागलं, हे मला त्या औषधापेक्षा मोलाचं वाटतं.

राहता राहिला लग्न ठरवताना कुजबुजत विचारला जाणारा प्रश्न: हे मुलांत उतरतं का? नाही. ही इजा आहे, जनुकांतला दोष नाही. असा हात असलेल्या बाईचं किंवा पुरुषाचं मूल या कारणाने अशा हाताचं जन्मत नाही. काळजी घ्यायची ती वेगळ्याच बाईने: जिच्या आधीच्या बाळंतपणात बाळाचा खांदा अडला होता, तिच्या पुढच्या बाळंतपणातही तो अडण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते. ही गोष्ट तिने डॉक्टरांना पहिल्याच तपासणीत सांगावी, जुनी फाइल असेल तर सोबत घेऊन.