रक्तवाहिनीजनन

शरीरातील जुन्या केशवाहिन्यांना धुमारे फुटून नव्या वाहिन्या तयार होण्याच्या प्रक्रियेस रक्तवाहिनीजनन म्हणतात. प्रौढ माणसात ही प्रक्रिया बहुतेक काळ थंडावलेली असते. जखम भरताना, मासिक चक्रात गर्भाशयाचे अस्तर वाढताना किंवा गर्भारपणी वार तयार होताना ती जागी होते. केशवाहिनीतून बाहेर पडलेला ऑक्सिजन ऊतकात साधारण १०० ते २०० मायक्रोमीटरपर्यंतच पोहोचतो, आणि त्यापलीकडे राहिलेल्या पेशींची उपासमार होते. नव्या वाहिनीची मागणी नोंदवतात त्या या उपाशी पेशीच.

या मागणीच्या मुळाशी एचआयएफ-१ हे प्रथिन आहे. त्याचा अल्फा हा घटक पेशी सतत तयार करत असते, पण ऑक्सिजन पुरेसा असेल तर एक विकर (एन्झाइम) त्यावर खूण करते, व्हीएचएल नावाचे प्रथिन ती खूण ओळखते आणि काही मिनिटांतच त्याची विल्हेवाट लागते. बनवायचे आणि लगेच मोडायचे हा कारभार वरकरणी उधळपट्टीचा वाटतो. मात्र त्यामुळेच ऑक्सिजन घटताच नव्याने काही घडवण्याची वाट न पाहता, केवळ मोडणे थांबवून, पेशीला प्रथिनाचा साठा हाती येतो. ही यंत्रणा उलगडल्याबद्दल विल्यम केलिन, पीटर रॅटक्लिफ आणि ग्रेग सेमेन्झा यांना २०१९ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले.

टिकून राहिलेले एचआयएफ-१ पेशीकेंद्रकात जाऊन अनेक जनुके चालू करते. त्यांतील व्हीईजीएफ या वाहिन्या वाढवणाऱ्या प्रथिनाचे जनुक इथे सर्वांत महत्त्वाचे. पेशीबाहेर पडलेले हे प्रथिन पेशींभोवतालच्या तंतूंच्या जाळीला काही प्रमाणात चिकटते, त्यामुळे उगमाजवळ दाट आणि दूर विरळ असा त्याचा उतार तयार होतो. जवळच्या केशवाहिनीच्या अस्तरातील एखादी पेशी बारीक तंतू पुढे करून हा उतार चाचपत सरकते आणि नॉच या संदेशमार्गाने शेजारणींना अग्रस्थान घेण्यापासून रोखते; त्या मागे राहून विभागतात आणि पोकळ नळी लांबवतात. शेवटी बाहेरून आधार देणाऱ्या परिपेशींचे वेष्टन चढले की नळी स्थिर होते. वेष्टन न चढलेली नळी गळते. १९८३ मध्ये व्हीईजीएफ प्रथम वाहिन्या गळक्या करणारा घटक म्हणूनच सापडले होते.

व्हीईजीएफचा हा संदेश चुकीच्या वेळी आला तर काय होते, ते अकाली जन्मलेल्या बाळाच्या दृष्टिपटलात दिसते. तिथल्या वाहिन्या डोळ्याच्या मागील बिंबापासून कडेकडे वाढतात आणि पूर्ण दिवस भरता भरता कडेला पोहोचतात. अशा बाळाला जास्त ऑक्सिजन दिला की व्हीईजीएफ घटते आणि वाढ अर्ध्यावर थांबते. पुढे वाहिन्यांविना राहिलेली कड परिपक्व होऊन ऑक्सिजन मागू लागली की संदेशाचा पूर येतो, नाजूक वाहिन्या डोळ्यातील काचद्रवात घुसतात आणि दृष्टिपटल ओढून जागेवरून सुटे करू शकतात. १९४० ते १९५० च्या दशकांत अमेरिका व युरोपात अनेक बालके यामुळे अंध झाली.

हृदयाच्या बाबतीत अपेक्षा उलटी होती: संदेश बाहेरून देऊन वाहिन्या वाढवाव्यात. पण २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्हिव्हा चाचणीत व्हीईजीएफ दिलेल्या छातीदुखीच्या रुग्णांची चालण्याची क्षमता ६० दिवसांनी निष्क्रिय द्रव दिलेल्यांपेक्षा अधिक सुधारलेली आढळली नाही. हे प्रथिन रक्तात फार काळ टिकत नाही. शिवाय तुंबलेल्या धमनीला खरा पर्याय केशवाहिनी नसून अडथळ्याला वळसा घालणारी, रुंद झालेली जोडधमनी असते, आणि ती प्रामुख्याने रक्तप्रवाहाच्या घर्षणाने वाढते.

संदेश अडवण्यात मात्र यश लवकर आले. अर्बुदाची (गाठीची) वाढ रक्तवाहिन्यांवर अवलंबून असते, हे अमेरिकी शल्यचिकित्सक ज्युडा फोकमन यांनी १९७१ मध्ये मांडले, आणि व्हीईजीएफला बांधून ठेवणाऱ्या बेव्हॅसिझुमॅबला २००४ मध्ये अमेरिकेत मोठ्या आतड्याच्या कर्करोगासाठी मान्यता मिळाली. हेच औषध आज अकाली जन्मलेल्या बाळांच्या डोळ्यातही टोचले जाते; पण त्याचा काही अंश रक्तात उतरतो आणि त्या वयात फुप्फुसांच्या वाढीलाही व्हीईजीएफची गरज असते, म्हणून नेत्रतज्ज्ञ मात्रा शक्य तितकी कमी करण्याच्या प्रयत्नात असतात.