संयुक्त औषधचाचण्या (ईजीएफआर-बाधित फुप्फुस कर्करोग)

ईजीएफआर या जनुकातील बदलामुळे वाढणाऱ्या फुप्फुसाच्या कर्करोगात एकट्या गोळीऐवजी दोन किंवा अधिक औषधे एकत्र दिल्यास रोग अधिक काळ आटोक्यात राहतो का, हे पडताळणाऱ्या वैद्यकीय चाचण्या. येथे जनुकीय म्हणजे आनुवंशिक नव्हे. हा बदल बहुतेक वेळा गाठीच्या पेशींतच घडलेला असतो, आईवडिलांकडून आलेला नसतो. निदान कळताच ‘मग मुलांनाही होणार का?’ या विचाराने धास्तावणाऱ्या कोल्हापूरकडच्या कुटुंबांना ही गोष्ट सर्वांत आधी सांगायला हवी. बिडी-सिगारेटला कधी हात न लावलेल्या व्यक्तींत हा प्रकार तुलनेने अधिक आढळतो.

हा बदल 2004 साली ओळखला गेला. ईजीएफआरला रोखणाऱ्या गेफिटिनिबसारख्या गोळीने गाठ झपाट्याने आटते, धाप लागणेही कमी होते. परंतु गाठीतील काही पेशी त्या गोळीला दाद देत नाहीत आणि बाकीच्या मेल्यावर त्याच फोफावतात, त्यामुळे साधारण वर्षभरात रोग पुन्हा डोके वर काढतो. वेगळ्या मार्गाने मारा करणारे औषध सुरुवातीपासूनच जोडले तर या पेशींना वाव मिळणार नाही, हा संयुक्त उपचारामागील विचार आहे.

मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील 350 रुग्णांच्या चाचणीत गेफिटिनिबला पेमेट्रेक्झेड व कार्बोप्लॅटिन या केमोथेरपीच्या औषधांची जोड दिल्यावर रोग न वाढण्याचा मध्यक काळ (निम्म्या रुग्णांत रोग याहून उशिरा वाढतो) 8 महिन्यांवरून 16 महिन्यांवर गेला. गंभीर दुष्परिणामांचे प्रमाण मात्र 25 टक्क्यांवरून 51 टक्क्यांवर पोहोचले. पुढे ओसिमर्टिनिब या नंतरच्या पिढीतील गोळीला केमोथेरपीची जोड देणाऱ्या, 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय चाचणीत हाच काळ 16.7 वरून 25.5 महिने झाला. तरीही आपल्याकडच्या रुग्णांवर, आपल्याच रुग्णालयात झालेल्या पहिल्या चाचणीचे मोल वेगळे आहे.

या आकड्यांमागची दगदगही मोजली पाहिजे. गोळी कोल्हापुरात घरी बसून घेता येते. सलाईनमधून द्यायच्या औषधासाठी मात्र दर तीन आठवड्यांनी केंद्रात जावे लागते, त्याआधी रक्त तपासावे लागते आणि पेमेट्रेक्झेडसोबत फॉलिक ॲसिडची गोळी व बी-12 चे इंजेक्शनही चुकवून चालत नाही. केंद्र मुंबईत असेल तर रात्रीची महालक्ष्मी एक्स्प्रेस, सोबत घरचे एक माणूस आणि त्याचा बुडालेला रोज, हे सारे उपचारातच धरावे लागते.

गाठीचा तुकडा मेणाच्या ठोकळ्यात जपून जनुकतपासणीला पाठवला जातो. अहवालानंतर पात्र ठरलेल्या रुग्णाला कोणता उपचार मिळणार, हे चिठ्ठी टाकल्याप्रमाणे ठरते, डॉक्टरांच्या मर्जीने नव्हे. संमतीपत्र रुग्णाला समजेल अशा भाषेत असावे लागते, आणि सही केल्यानंतरही कारण न देता चाचणीतून बाहेर पडण्याचा हक्क त्याच्याकडेच राहतो.