डॉकस्ट्रिंग कुणासाठी, कॉमेंट कुणासाठी?

पायथनच्या पहिल्या सत्रातल्या असाइनमेंट तपासायला घेतल्या की एक गोष्ट हमखास दिसते. फंक्शनच्या सुरुवातीला तिहेरी अवतरणचिन्हांत (म्हणजे डॉकस्ट्रिंगमध्ये) जे लिहिलंय, तेच दोन ओळी खाली हॅश टाकून (म्हणजे कॉमेंट म्हणून) पुन्हा लिहिलेलं असतं. दोन्हीकडे साधी बोलीभाषा आणि दोन्ही काढून टाकल्या तरी उत्तर तेच येतं, त्यामुळे मुलांना त्या एकच वाटतात. हा गोंधळ वेळीच सुटला नाही तर पुढे फंक्शन आखायलाच अडचण येते, म्हणून त्यावर एक तास घालवावा असं मला ठामपणे वाटतं.

आधी पायथन काय करतो ते बघू. हॅशपासून ओळ संपेपर्यंतचा मजकूर तो वाचतानाच टाकून देतो. डॉकस्ट्रिंग मात्र फंक्शनला चिकटून राहते: फंक्शनचं नाव देणाऱ्या डेफच्या ओळीनंतरचं पहिलंच विधान नुसती स्ट्रिंग, म्हणजे अवतरणचिन्हांतला मजकूर, असेल, तर ती फंक्शनच्या 'डॉक' गुणधर्मात साठवली जाते आणि हेल्प विचारल्यावर तीच समोर येते. तिच्याआधी एखाद्या व्हेरिएबलला किंमत दिली, की ती डॉकस्ट्रिंग उरत नाही. मजकुरात व्हेरिएबलच्या किमती भरणारी एफ-स्ट्रिंगही चालत नाही. (डॉकस्ट्रिंग नसेल तर हेल्प मूळ फाइलमध्ये जाऊन डेफच्या अगदी वरची कॉमेंट उचलून दाखवतं. त्यामुळे 'माझी कॉमेंटपण दिसली की' असं कुणीतरी म्हणतंच.)

खरा फरक वाचणाऱ्याचा आहे. डॉकस्ट्रिंग वाचतो फंक्शन वापरणारा. त्याला आतला कोड उघडायचा नसतो. कॉमेंट वाचतो तो कोड उघडून दुरुस्त करायला बसलेला.

लीप वर्ष ओळखणारं फंक्शन घ्या. त्याची डॉकस्ट्रिंग अशी असावी: 'ग्रेगोरियन वर्ष लीप असेल तर ट्रू, नसेल तर फॉल्स रिटर्न कर. वर्ष पूर्णांक असावं.' आत चारने, शंभरने, चारशेने भागण्याची अट येते. तिथे 'वर्षाला चारने भागतो' अशी कॉमेंट लिहिणं म्हणजे ओळ दोनदा वाचायला लावणं. 'शतकी वर्ष ४००ने भाग गेला तरच लीप. म्हणून १९०० नाही, २००० आहे' ही कॉमेंट कामाची, कारण ही अट का आली हे ती सांगते. हीच ओळ डॉकस्ट्रिंगमध्ये घातली तर वापरणाऱ्याला नको असलेला तपशील त्याच्या गळ्यात पडतो.

त्या डॉकस्ट्रिंगमधला 'ग्रेगोरियन' हा शब्द उगाच आलेला नाही. कुणी भारतीय राष्ट्रीय दिनदर्शिकेतलं शके १९४६ दिलं, तर फंक्शन फॉल्स म्हणेल. त्या दिनदर्शिकेत मात्र शकाच्या आकड्यात ७८ मिळवून लीप ठरवतात. १९४६ अधिक ७८ म्हणजे २०२४, म्हणून त्या वर्षी चैत्र ३१ दिवसांचा होता. 'कुठलं वर्ष?' हा प्रश्न कोड लिहिताना सुचत नाही, वापरणाऱ्यासाठी वाक्य लिहायला बसलं की सुचतो.

म्हणूनच डॉकस्ट्रिंग कोडच्या आधी लिहावी. टोरांटो विद्यापीठाच्या प्राथमिक अभ्यासक्रमातली 'फंक्शन डिझाइन रेसिपी' उदाहरणांपासूनच सुरू होते. मग शीर्षक, वर्णन, त्यानंतर कोड आणि शेवटी चाचणी. आपल्या फंक्शनसाठी २०२४, २०२३, १९०० आणि २००० ही चार उदाहरणं आधी कागदावर मांडा. शेवटची दोन आठवली नाहीत, तर नियम अजून समजलेला नाही. हीच उदाहरणं डॉकस्ट्रिंगमध्ये प्रॉम्प्टच्या तीन बाणांसह लिहिली, तर डॉकटेस्ट हे पायथनसोबतच येणारं मॉड्यूल ती चालवून उत्तर जुळतं का ते सांगतं. कॉमेंटमधली उदाहरणं कुणी चालवून बघत नाही.

वर्णन लिहिताना 'आणि' आला की थांबा. 'वर्ष विचारतं, लीप आहे का ठरवतं आणि छापतं' ही तीन कामं झाली. इनपुट आणि प्रिंट बाहेर काढा. वर्ष पॅरामीटर म्हणून आत येऊ द्या, उत्तर रिटर्न होऊ द्या. डॉकस्ट्रिंगचे संकेत ठरवणारा पेप २५७ हा पायथनचा दस्तऐवज पहिली ओळ आज्ञार्थी लिहायला सांगतो, वर्णनात्मक नाही. 'रिटर्न कर' असं लिहायला लागलं की फंक्शनकडून नेमकं काय हवंय ते एका क्रियापदात पकडावं लागतं.

सगळं लिहून झाल्यावर एक बदल करून बघा. आतला भागाकार काढा आणि त्या जागी कॅलेंडर मॉड्यूलमधलं 'इझलीप' वापरा. ४००ची कॉमेंट आता पुसून टाकावी लागेल. डॉकस्ट्रिंगमधलं एक अक्षरही बदलावं लागणार नाही, आणि चारही उदाहरणं पूर्वीसारखीच पास होतील.