मेंदूविज्ञान आणि हवामान बदल

माणसाचा मेंदू निवड कशी करतो, सवय कशी लावून घेतो आणि धोका कसा ओळखतो, हे समजून घेऊन वीज, पाणी व इंधनाचा वापर आणि त्यातून होणारा हवामान बदल कमी करण्याचे उपाय आखणे, हा या लेखाचा विषय. उन्हाळ्यात पारा ४३-४४ अंशांवर जाणाऱ्या सोलापुरात हा विषय थेट घरातल्या पंख्यापाशी येतो.

लगेच मिळणारा फायदा मेंदूला मोठा वाटतो, उशिरा मिळणारा लहान. हे मोल ठरवण्यात मेंदूच्या आतला स्ट्रायटम हा भाग आणि कपाळामागच्या अग्रखंडाचा वाटा असतो. साधा छताचा पंखा सुमारे ७५ वॅट घेतो, कमी विजेवर चालणाऱ्या मोटरचा बीएलडीसी पंखा सुमारे ३०. रोज २० तास चालला, तर महिन्याला २७ युनिटांचा फरक पडतो. शंभर युनिटांपुढे दर चढतो, म्हणून ११०-१२० युनिट वापरणाऱ्या घराला बचत अधिकच जाणवते. तरी दुकानात नजरेला पडते ती बीएलडीसी पंख्याची जादा किंमतच. म्हणून किमतीशेजारी ‘साधा पंखा महिन्याला २७ युनिट जास्त खातो’ अशी पाटी लावावी. तेवढ्याच लाभापेक्षा तोटा मनाला जास्त टोचतो, हे कानेमन आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये मांडले होते.

काहीच ठरवावे न लागणे हा सर्वांत भरवशाचा उपाय. भारतात १ जानेवारी २०२० पासून वीजबचतीचे स्टार लेबल असलेले एसी मुळातच २४ अंशांवर लावलेले येतात. तापमान एका अंशाने वाढवले की सुमारे ६ टक्के वीज वाचते. रिमोटवर १८ केल्याने खोली लवकर गार होत नाही, कॉम्प्रेसर तेवढा जास्त वेळ चालतो.

सवयीचे तसे नाही. ती खुणेला बांधलेली असते. सोलापुरात काही दिवसांआड नळ येतो, तो वाजला की पिंपातले ‘शिळे’ पाणी मोरीत ओतले जाते. उजनी धरणाहून शंभरावर किलोमीटर पंपांनी आणलेले हे पाणी! ‘ओतू नका’ म्हटल्याने ही सवय सुटत नाही. नळ वाजला की आधी पिंपातले पाणी बादल्यांत काढायचे, ते फरशीला, झाडांना वापरायचे, अशी त्याच खुणेला दुसरी कृती जोडावी लागते. पिंप मात्र घासायलाच हवे, कारण डेंग्यूच्या डासांची अंडी कडेला चिकटून राहतात.

शेजाऱ्यांशी तुलना कधी उलटते. कॅलिफोर्नियातील २००७ च्या एका अभ्यासात सरासरी कळल्यावर कमी वीज वापरणाऱ्यांचा वापर वाढला. दारावर लावलेल्या चिठ्ठीत हसऱ्या चेहऱ्याची शाबासकी दिली तेव्हा तो वाढला नाही. नुसती भीती दाखवली आणि हाताशी कृती दिली नाही, तर माणूस विषयच टाळतो.

स्ट्रायटमसारख्या भागांची मेंदूच्या स्कॅनमध्ये दिसणारी हालचाल केवळ संबंध दाखवते, कारण सिद्ध करत नाही. शिवाय घरातली वीज कोळशातून यावी की उन्हातून, हे ग्राहकाच्या सवयीने ठरत नाही. ते काम धोरणाचेच आहे.