सुकट (कोल्हापूर)

सुकट म्हणजे उन्हात वाळवलेली किंवा मिठात मुरवून टिकवलेली मासळी. शब्द ‘सुकणे’वरून आला. किनाऱ्यावर तो बहुधा वाळलेल्या जवळ्यापुरताच, म्हणजे अगदी बारीक कोळंबीपुरताच वापरतात. मालवणकडे त्याच जवळ्याला ‘गोलमा’ असेही नाव आहे. घाट चढून कोल्हापुरात आला की शब्द ऐसपैस होतो. ‘बाजारातनं सुकट आण जरा’ म्हटले की पिशवीत जवळा, बोंबील, वाकट्या, खारा बांगडा यांतले काहीही येते.

मासा तशी रीत. ताज्या बोंबलात जवळजवळ नऊ दशांश पाणी असते. जबड्यात जबडा अडकवून जोडीजोडीने बांबूवर टांगला की तो मिठाशिवायही खडखडीत वाळतो. बांगडा तेलकट, नुसत्या उन्हात खवट होणारा. म्हणून तो चिरून, पोट साफ करून मिठाच्या थरांत दाबतात आणि मग वाळवतात. मीठ माशातले पाणी ओढून घेते, त्यामुळे कुजवणाऱ्या जंतूंची वाढ खुंटते. धुरी देण्याची परंपरा लक्षद्वीपच्या मिनिकॉय बेटावर आहे. तिथे कुपा (ट्यूना मासा) उकडून, धुरावर धरून मग वाळवतात. आपल्याकडे ऊन भरपूर, त्यामुळे धुराची गरज पडली नाही. तरी पावसाळ्यात चुलीच्या वर टांगलेल्या सुकटीला धूर लागायचा, आणि ओल व किडे दूर राहायचे.

कोल्हापूरला हा माल कोकणातून येतो, करूळ, भुईबावडा, फोंडा अशा घाटांनी. १ जूनपासून समुद्रातली यांत्रिक मासेमारी बंद होते, म्हणून मृगाच्या आधीच आठवडी बाजारात खरेदीची घाई उडते. जाणती बाई बोंबील हातात घेऊन शेपटीकडून मोडून बघते. कट्‌कन तुटला तर घ्यायचा, वाकला तर ओल आहे, ठेवून द्यायचा. खाऱ्या बांगड्यावर तांबूस डाग दिसले तरी तो घेऊ नये.

याला गरिबाचे खाणे म्हणून हिणवतात, ते चूक आहे. भांगलणीला, म्हणजे शेतातले तण काढायला जाणाऱ्या माणसाला भाकरीबरोबर एवढी प्रथिने इतक्या स्वस्तात दुसऱ्या कशातून मिळणार होती? जवळा आधी पाखडून वाळू काढतात, मग कोरड्या तव्यावर खमंग भाजतात, धुऊन घट्ट पिळतात. भरपूर कांदा, लसूण आणि कोल्हापुरी चटणी तेलात परतून त्यात तो टाकतात. वांगे किंवा बटाटा घातला तर घरच्या चार माणसांना पुरते. खाऱ्या बांगड्याला मात्र निखारा हवा. कातडी फुगून करपली की भाजला समजायचे, आणि वरून मीठ अजिबात घालायचे नाही.