नुसती पिल्लं वाटून अंडी वाढत नाहीत

गरीब शेतकऱ्यांना जातिवंत कोंबड्यांची पिल्लं वाटली, सोबत मक्याचं पोतं दिलं, की अंडी आपोआप वाढतात, हा समज विकास मदतीच्या योजनांमध्ये वर्षानुवर्षं घर करून आहे. तो चुकीचा आहे, आणि त्याची किंमत शेतकरीच मोजतो.

मक्यातून ऊर्जा मिळते, पण प्रथिनं जेमतेम ८-९ टक्के. अंड्यावरच्या कोंबडीच्या खाद्यात ती १६-१८ टक्के लागतात. त्यातही लायसिन आणि मिथिओनिन हे प्रथिनांचे आवश्यक घटक मक्यात कमीच, म्हणून सोयाबीन पेंड किंवा सुक्या मासळीचा कुटा मिसळावा लागतो. शिवाय एका अंड्याच्या कवचात सुमारे २ ग्रॅम कॅल्शियम असतं. खाद्यात शिंपल्यांचा चुरा नसेल, तर कोंबडी ते स्वतःच्या हाडांतून काढते. आधी कवच पातळ होतं, मग तिला पायांवर उभंही राहवत नाही. जात जितकी जास्त अंडी देणारी, तितकी ही झीज लवकर.

मक्याच्या वाणावर मोलाचं काम झालं आहे. मेक्सिकोतल्या ‘सिमिट’ या मका-गहू संशोधन संस्थेत सुरिंदर वसल आणि इव्हॅंजेलिना व्हिलेगास यांनी जास्त लायसिनचा मका शेतकऱ्याला परवडेल असा घडवला. २००० साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. तरीही पेंडीची गरज संपत नाही.

आणि ओला मका साठवला की बुरशी, बुरशीतून अफ्लाटॉक्सिन हे विष, मग कोंबडीचं यकृत खराब. ओलावा १३-१४ टक्क्यांच्या आत हवा. म्हणून मदतीचा पैसा आधी वाळवणीला, खाद्य मिसळण्याला आणि मानमोडी या कोंबड्यांच्या जीवघेण्या रोगाच्या लसीला द्यावा, पिल्लं त्यानंतर.