घरातलं बाहेर का सांगितलं? मराठी वाचक आणि आत्मचरित्रांचा जुना वाद

दोन मराठी वाचक एखाद्या आत्मचरित्राबद्दल बोलायला लागले की भाषा, मांडणी, शैली यांच्यापर्यंत गाडी क्वचितच पोचते. पहिला प्रश्न असतो ‘हे खरं आहे का?’ आणि त्याला लागूनच दुसरा, ‘खरं असलं तरी सांगायची काय गरज होती?’ सार्वजनिक वाचनालयातल्या जुन्या प्रती चाळल्या तरी हे दिसतं. कादंबरीच्या समासात फार तर कुणी आवडलेल्या वाक्याखाली रेघ मारलेली असते. आत्मचरित्राच्या समासात मात्र पेन्सिलीने शेरे असतात, ‘खोटे’, ‘अतिशयोक्ती’, नाहीतर नुसतंच एक ठसठशीत प्रश्नचिन्ह. आपण आत्मचरित्र साक्षीसारखं वाचतो, आणि साक्षीदाराची उलटतपासणी हा आपला हक्कच समजतो. या सवयीचं मूळ बरंच खोल आहे.

मराठीतला आद्य गद्यग्रंथ मानलं जाणारं ‘लीळाचरित्र’ हे चरित्रच आहे. महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी यांच्या मागे, तेराव्या शतकाच्या अखेरीस, म्हाइंभटांनी रिद्धपूरला स्वामींचे शिष्य नागदेवाचार्य यांच्या सहवासात राहून स्वामींच्या आठवणी गोळा केल्या. जी लीळा, म्हणजे स्वामींच्या आयुष्यातला जो प्रसंग, ज्याच्यासमोर घडली, त्याच्याकडून ती ऐकायची, असा त्यांचा शिरस्ता होता. पुढे मूळ पोथी धाडीत गेली असं महानुभाव परंपरा सांगते. मग शिष्यांनी स्मरणातून पाठ पुन्हा उभे केले, आणि एकाचं स्मरण दुसऱ्याशी जुळेना तिथे दोन्ही नोंदवून ठेवली. पोथ्यांमध्ये अशा पाठभेदांना ‘वासना’ म्हणतात. अमक्याची वासना अशी, तमक्याची तशी. कुणाची खरी याचा निवाडा नाही. इतका मोकळेपणा आजच्या अधिकृत चरित्रकाराला झेपणार नाही. गंमत अशी की विसाव्या शतकात वि. भि. कोलत्यांनी याच ग्रंथाची चिकित्सक आवृत्ती काढली, तेव्हा काही लीळांच्या पाठांवर पंथातूनच आक्षेप आले. जुन्यांनी सांभाळलेली मतभिन्नता नव्यांना छापील पानावर बघवेना.

संतचरित्रांच्या बाबतीत खरं-खोट्याचा प्रश्न फारसा कुणी विचारला नाही. महिपतींचा ‘भक्तविजय’ १७६२चा. तो देवळात, ओसरीवर वाचून दाखवायचा ग्रंथ, आणि ऐकणारा पुरावे मागायला बसलेला नसे. पण सतराव्या शतकातल्या बहिणाबाईंचं आत्मनिवेदन बघा. ब्राह्मण घरातल्या बाईने तुकोबांना गुरू केलं म्हणून नवऱ्याने मारलं, हे ती अभंगांत सरळ सांगते. घरातलं याहून बाहेर काय काढायचं? तरी तिला कुणी बोल लावला नाही, कारण ऐकणाऱ्यांच्या लेखी ती नवऱ्याविषयी नव्हे, विठ्ठलाविषयी बोलत होती. नाना फडणवीसांचं छोटेखानी आत्मचरित्रही असंच भक्तीच्या आडोशाने चालतं. तरुणपणी मनात आलेल्या वासनांची कबुली त्यात आहे, पानिपतावरून जीव वाचवून परतल्याची हकीकतही आहे. पेशवाईचा सर्वांत सावध माणूस स्वतःबद्दल इतकं लिहून ठेवतो याचं मला अजून नवल वाटतं.

छापखाना आला आणि मामला बदलला. आता सांगणारा आणि वाचणारा यांच्यामध्ये संपादक उभा राहिला. विष्णुभट गोडसे वरसईचे, पेणजवळचे. घरावर कर्ज, आणि मथुरेला बायजाबाई शिंद्यांचा मोठा यज्ञ होणार, भरघोस दक्षिणा मिळणार, अशी बातमी कानी आली म्हणून ते काकांबरोबर उत्तरेला निघाले. दिवस नेमके १८५७चे. बंडात सापडले, झाशीला वेढा पडला तेव्हा आत होते, लुटले गेले, आणि शेवटी दक्षिणेऐवजी आईवडिलांसाठी खांद्यावर गंगेची कावड घेऊन घरी आले. ही सगळी हकीकत त्यांनी १८८३च्या सुमारास लिहून काढली. पण बंडाची कथा म्हणजे सरकारची नजर आलीच. गोडसे भटजी हयात असेपर्यंत ती छापली गेली नाही, चिं. वि. वैद्यांनी १९०७ साली ती काढली तीसुद्धा भाषा घोटून, काही मजकूर गाळून, काही बदलून. मूळ हस्तलिखिताबरहुकूम ‘माझा प्रवास’ वाचायला मिळाला तो दत्तो वामन पोतदारांनी १९६६ साली छापला तेव्हा. म्हणजे जवळजवळ साठ वर्षं मराठी वाचक ज्या भटजींच्या प्रांजळपणावर खूश होता, तो प्रांजळपणा आधीच चाळणीतून गेलेला होता. वैद्यांनी फसवलं असं मी म्हणणार नाही. वाचकाला काय सोसेल याचा त्यांनी अंदाज केला, आणि त्या काळी तो बहुधा बरोबरही होता.

त्या काळचा सुशिक्षित वाचक चरित्राकडे धडा म्हणून पाहत होता. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी १८५२ साली सॉक्रेटिसाचं चरित्र मराठीत आणलं, आणि थोरांची चरित्रं वाचून मुलं सुधारतात हा समज तिथून पुढे शाळेच्या बक्षीस समारंभापर्यंत टिकला. धोंडो केशव कर्व्यांचं ‘आत्मवृत्त’ १९१५चं. गोव्यातल्या सांखवाळच्या धर्मानंद कोसंबींचं ‘निवेदन’ १९२४चं. बुद्धाच्या शोधात घरसंसार मागे टाकून निघालेल्या माणसाची ही कथा. दोन्ही पुस्तकं सच्ची आहेत, आणि दोन्हीकडे वाचक आदराने पाहत आला. मागे राहिलेल्या संसाराचं काय, हे विचारायला मात्र वेळ लागला. कर्व्यांच्या घराची दुसरी बाजू १९४४ साली आनंदीबाई ऊर्फ बाया कर्व्यांच्या ‘माझे पुराण’मध्ये आली. संस्थेपायी घराची जी ओढाताण झाली, तिचा हिशेब तिथे आहे. हे दोन ग्रंथ शेजारी ठेवून वाचावेत असं मी प्रत्येकाला सांगतो.

बायकांनी लिहायला घेतल्यावरच मराठी आत्मचरित्राला घर मिळालं. रमाबाई रानड्यांच्या १९१०च्या आठवणींना प्रस्तावना गोपाळ कृष्ण गोखल्यांची आहे आणि नाव ‘आमच्या आयुष्यांतील’ असं अनेकवचनी. सूर पतिभक्तीचा खरा. तरी शिकते म्हणून घरातल्या बायकांनी केलेला छळ त्यात आहे, आणि पंचहौद मिशनमध्ये ख्रिस्त्यांकडे चहा घेतल्याच्या प्रकरणात न्यायमूर्ती रानड्यांनी प्रायश्चित्त घेतलं ते आपल्याला रुचलं नाही, हेही त्या नोंदवून ठेवतात. मग १९३४पासून लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ आली. मुलगा देवदत्त वडिलांचं, म्हणजे ना. वा. टिळकांचं, चरित्र लिहायला साहित्य जमवत होता. त्याला आठवणी लिहून द्यायच्या म्हणून बाई बसल्या, आणि चरित्र बाजूला राहून त्यांचंच पुस्तक उभं राहिलं. सुरुवातीलाच वडिलांचं सोवळं भेटतं. बाहेरून आलेलं मीठ, साखरसुद्धा नाना गोखल्यांना धुऊन लागे. बाप आहे म्हणून झाकपाक नाही, आणि कडवटपणाही नाही. नवऱ्याच्या विक्षिप्तपणाबद्दलही तसंच. मराठी वाचकाने ज्याला एकमुखाने ‘चांगलं’ म्हटलं असं आत्मचरित्र मला हेच दिसतं, आणि त्याचं एक कारण थोडं अडचणीचं आहे. लक्ष्मीबाई हसवतात. हसवणाऱ्याला घरातलं सांगायची मुभा असते; रडणाऱ्याला, चिडणाऱ्याला नसते.

हे पुढे वारंवार दिसलं. हंसा वाडकरांचं ‘सांगत्ये ऐका’ अरुण साधूंच्या शब्दांकनातून ‘माणूस’मध्ये येत होतं आणि १९७० साली त्याचं पुस्तक झालं. नटीने दारू, पुरुष, फसवणूक यांबद्दल पश्चात्तापाचा सूर न लावता बोलावं हे पुष्कळांना झेपलं नाही. वाचलं मात्र सगळ्यांनी.

खरा धरणीकंप झाला १९७८ साली ‘बलुतं’ने. दया पवारांचं हे पुस्तक ग्रंथालीने काढलं, आणि ग्रंथाली ही नुसती प्रकाशनसंस्था नव्हती. ती स्वतःला वाचक चळवळ म्हणवत होती, सभासद जमवून कमी किमतीत पुस्तकं पोचवत होती. त्यामुळे हे पुस्तक पुण्या-मुंबईच्या ठरावीक दुकानांपलीकडे गेलं. त्याची रचनाही विलक्षण आहे. दगडू मारुती पवार बोलतो आणि शिकलासवरला दया पवार ऐकतो. दोघे एकच, पण एकमेकांना टाळणारे. मुंबईच्या कावाखान्यातलं बालपण, महारवाड्यातलं उष्टं, मेलेली जनावरं, बापाची दारू, सगळं त्या बोलण्यातून येतं.

पांढरपेशा वाचकाची प्रतिक्रिया आपल्याला साधारण माहीत आहे: धक्का, अपराधी वाटणं, कधी नुसतंच ‘बापरे’. पु. ल. देशपांड्यांनी पुस्तकाचं मनापासून स्वागत केलं. त्याहून महत्त्वाचा वाद दलित समाजाच्या आत झाला आणि त्याच्याकडे बाहेरच्यांनी फारसं लक्ष दिलं नाही. बाबासाहेबांनी जे टाकायला सांगितलं तेच हा पुन्हा उकरून काढतोय, आपली लक्तरं वेशीवर टांगतोय, असा सूर शिकलेल्या, नोकरीत स्थिरावलेल्या अनेकांचा होता. तो फेटाळून लावण्याइतका पोकळ नाही. चाळीतून फ्लॅटमध्ये आलेल्या माणसाला शेजाऱ्याच्या हातात ते पुस्तक दिसतं, तेव्हा त्याला काय वाटत असेल? दुसरीकडे, हे लिहिलं नसतं तर पुढच्या पिढीला कुणी सांगितलं असतं? दोन्ही बाजू एकाच घरात असत. पुढे प्र. ई. सोनकांबळ्यांचं ‘आठवणींचे पक्षी’, लक्ष्मण मान्यांचं ‘उपरा’, शरणकुमार लिंबाळ्यांचं ‘अक्करमाशी’, लक्ष्मण गायकवाडांचं ‘उचल्या’ आलं. ‘उपरा’ आणि ‘उचल्या’ यांना साहित्य अकादमी मिळाली, तरी ज्या त्या समाजातून ‘आमची बदनामी केली’ ही तक्रार थांबली नाही. किशोर शांताबाई काळ्यांच्या ‘कोल्हाट्याचं पोर’लाही (१९९४) तिला तोंड द्यावं लागलं.

बायकांच्या वाट्याला हा प्रश्न दुहेरी आला. फलटणच्या बेबी कांबळ्यांनी ‘जिणं आमुचं’ घरच्यांपासून लपवून लिहिलं आणि वर्षानुवर्षं तसंच ठेवलं. १९८२ साली ते ‘स्त्री’ मासिकातून क्रमशः आलं, १९८६ साली पुस्तक झालं. गावकुसाबाहेरच्या बाईवर गावाने काय केलं हे त्यात आहेच, पण आपल्याच घरातल्या सासवांनी सुनांचं काय केलं हेही आहे, आणि ते लिहायला जास्त छाती लागते. मल्लिका अमर शेख यांचं ‘मला उद्ध्वस्त व्हायचंय’ १९८४चं. समोर नवरा म्हणून नामदेव ढसाळांसारखा कवी असल्यामुळे वाचक लगेच दोन तटांत उभा राहिला.

आणि १९९० साली सुनीता देशपांड्यांचं ‘आहे मनोहर तरी’. हे पुस्तक घराघरांत भांडणाचा विषय झालं, कारण अख्ख्या महाराष्ट्राला पु. ल. आपल्या घरचेच वाटत होते. १९४६ साली रत्नागिरीला नोंदणी पद्धतीने झालेलं साधंसुधं लग्न, त्यानंतर स्वतःला मागे ठेवून सांभाळलेला एका लोकप्रिय माणसाचा संसार, त्याचं बेफिकीर लाडावलेपण, आणि या सगळ्यावर तिची करडी नजर. पु. ल. तेव्हा हयात होते. त्यांनी जाहीर तक्रार केली नाही. तक्रार केली वाचकांनी. ‘एवढा त्रास होता तर राहिलात कशाला’ इथपासून ‘हे आमच्याच घरातलं आहे’ इथपर्यंत. या पुस्तकावर वाईट बोलणारे बहुतेक पुरुष होते हा समज बरोबर नाही. कितीतरी बायकांनाच सुनीताबाई तुसड्या वाटल्या. मला त्या लक्ष्मीबाईंच्याच वारस वाटतात, फक्त हसवायचं नाकारलेल्या.

दुसऱ्याने लिहिलेल्या चरित्रांची गोष्ट निराळी, आणि खरं सांगायचं तर जरा रुक्ष. न. चिं. केळकरांचे टिळकचरित्राचे तीन खंड, चांगदेव खैरमोड्यांनी १९५२पासून काढायला घेतलेलं बाबासाहेबांचं बारा खंडांचं चरित्र, धनंजय कीरांची चरित्रमालिका, ही सगळी पायाभूत कामं. संदर्भाला काढली जातात, सलग फार थोडे वाचतात. सलग वाचलं गेलेलं चरित्र म्हणजे वीणा गवाणकरांचं ‘एक होता कार्व्हर’ (१९८१), अमेरिकेतल्या एका कृष्णवर्णीय शास्त्रज्ञाचं. तो परका असल्यामुळे इथे कुणाच्याच भावना दुखावल्या नाहीत.

चरित्राची भूक बाकी भागवली चरित्रात्मक कादंबरीने. ‘स्वामी’ १९६२, ‘मृत्युंजय’ १९६७. लाखो मराठी माणसांना माधवराव-रमा माहीत आहेत ते या वाटेने. रणजित देसाईंच्या शिवाजी महाराजांवरच्या ‘श्रीमान योगी’ला प्रस्तावना म्हणून नरहर कुरुंदकरांचं एक लांबलचक पत्र छापलेलं आहे. साधनं कोणती विश्वसनीय, कोणत्या दंतकथा टाकाव्यात, महाराजांचं मोठेपण नेमकं कशात, यावर कुरुंदकर पानंच्या पानं बोलतात. चिकित्सक वाचकाचं पत्र लेखकाने पुस्तकाच्या माथ्यावर छापलं, असा दिलदारपणा पुन्हा क्वचित दिसला. उलट उदाहरण २००९चं. आनंद यादवांच्या ‘झोंबी’ या आत्मकथनाला साहित्य अकादमी मिळालेली. त्यात बापाचं क्रौर्य त्यांनी जसंच्या तसं मांडलं होतं आणि वाचकाने त्यांना डोक्यावर घेतलं होतं. तेच यादव तुकोबांवरच्या कादंबरीत संतांच्या तरुणपणाबद्दल कल्पना करायला गेले, वारकरी संप्रदायातून निषेध झाला, पुस्तक मागे घ्यावं लागलं, अध्यक्षपद सोडावं लागलं आणि महाबळेश्वरचं साहित्य संमेलन अध्यक्षाविना पार पडलं. स्वतःच्या बापाबद्दल बोलायचा अधिकार वाचकाने मान्य केला होता, सगळ्यांच्या बापाबद्दल नाही.

अलीकडे दुकानाच्या दर्शनी फळीवर असतात ती जिद्दीची आत्मचरित्रं. जिल्हाधिकारी, पोलीस अधिकारी, उद्योजक. स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकांमध्ये ती हातोहात फिरतात, आणि गरिबीतून वर आलेल्या मुलाला त्यातून बळ मिळतं हे मी नाकारत नाही. पण या पुस्तकांत आई नेहमी सोशिक असते, गुरुजी देवमाणूस असतात, बायको खंबीरपणे पाठीशी उभी असते आणि निकाल शेवटच्या प्रकरणात लागतो. त्यांच्या समासात पेन्सिलीचे शेरे मला अजून सापडलेले नाहीत. अधोरेखित केलेली वाक्यं मात्र भरपूर.